कबूल म्हणायचं राहून गेलं

उस्मान,

परवा तुझा मचवा पावसाळ्यासाठी वर ओढला. दोर तेच, माणसं तीच, समोर कोर्लईच्या डोंगरावर नेहमीसारखे ढग जमायला लागले होते. तू तेवढा नव्हतास. तुला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, आणि मी वाळूवर उभा राहून चक्क तुझी वाट बघत होतो. वाटत होतं, आता हा येईल, तुर्की टोपी नीट बसवील आणि सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसेल, "वकील, सावली सोड, पुढं ये." मग लक्षात आलं, की आज तुझ्या जागी मलाच बोलायचं आहे.

मोहल्ल्यात, धक्क्यावर, देवळाच्या पारावर लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि मला त्यांचा राग येतो. तू चांगला वगैरे नव्हतास. तू हट्टी होतास, मोठ्या आवाजाचा होतास, आपल्या मचव्याचा तुला भारी तोरा होता, आणि शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू माझं एकही म्हणणं पुरतं ऐकून घेतलं नाहीस. तुझ्यावाचून मला करमत नाही, हे खरं आहे. पण त्यासाठी तुला साधुसंत करण्याची मला गरज वाटत नाही.

आपल्या रेवदंड्याच्या वाळूवरची रीत तू मला कितीदा ऐकवलीस. मोसम संपला की मचवा असाच ओढत नाहीत. नाखवा, म्हणजे मचव्याचा मालक, अनवाणी उभा राहतो आणि सगळ्या खलाशांसमोर वर्षाचा हिशेब सांगतो. नुसता पैशांचा नव्हे. माल कुठे नेला, कुठे भिजला, शीड कोणाच्या चुकीने फाटलं, कोणाला लागलं, सगळं तोंडाने सांगायचं. मग एकेकाला नावाने हाक मारून विचारायचं, "कबूल?" सुरुवात सगळ्यांत कमी हिस्सा असणाऱ्यापासून. एक जण जरी गप्प राहिला तरी दोराला कोणी हात लावत नाही. गप्प राहणाऱ्याने कारण सांगायचं नसतं. आपण काय सांगायचं टाळलं, ते नाखव्यानेच शोधायचं.

तुझ्या मचव्यावर सगळ्यांत कमी हिस्सा धाकूचा, चूल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा. एका वर्षी तू झोकात हिशेब सांगितलास आणि "धाकू, कबूल?" म्हणालास, तर तो तंबाखू मळत समुद्राकडे बघत राहिला. तू शीड सांगितलंस, नांगर सांगितलास, भिजलेलं भात पुन्हा सांगितलंस. भरती आली आणि गेली. तू त्याला शिव्या घातल्यास, वाळूवर बसलास, उठलास, पुन्हा बसलास. मी तर त्याला हाकलून दे म्हणून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मान खाली घालून म्हणालास, "श्रीवर्धनच्या पुढं पान्याचं पीप गळत होतं. मना ठावं होतं. मी बदललं न्हाय." धाकूने तंबाखू थुंकली, "कबूल" म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी दोर धरला. त्यानंतर तू त्याच्याशिवाय कधी शीड उभारलं नाहीस.

मग मंदीची वर्षं आली. भाताला भाव नाही, नारळाला गिऱ्हाईक नाही, मुंबईला न्यायला माल नाही. खाडीत मचवे नुसते डुलत असायचे. सोनं घेणारे मात्र गावोगाव हिंडत होते. माझ्या घरातून बांगड्या गेल्या, तुझ्या घरातून अमिनाभाभींचं होतं नव्हतं तेवढं गेलं. हे सोनं मुंबईहून आगबोटीने विलायतेला जातं, असं मी तुला वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं, तेव्हा तू बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत राहिलास. त्या वर्षी वाळूवर उभा राहून तू म्हणालास, "ह्या सालचं नवं शीड अमिनाच्या सोन्याचं हाय. मी कमावलेलं न्हाय." भाभी माडांच्या आड उभ्या होत्या, त्या घरात निघून गेल्या. खलाशांनी माना खाली घातल्या. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर कशाला आणायची, म्हणून मी तुझ्यावर चिडलो. तू म्हणालास, "जे गेलं ते सांगितलं न्हाय, तर तो हिसाब कसला?"

दोन-तीन वर्षांनी देशाची मध्यवर्ती बँक निघाली. तुझ्या ओट्यावर बसून ती बातमी तुला मीच वाचून दाखवली. नोटा तीच काढणार, बाकीच्या बँकांची बँक तीच, रुपयाचा बाहेरच्या देशातला भाव तीच सांभाळणार. तुझं लक्ष निम्मं हुक्क्यात होतं. पण पुढे मी वाचलं, की बँकेचे शेअर साध्या माणसांनाही मिळणार, पाच शेअरांना एक मत, आणि दर वर्षी सभा भरवून वर्षभराच्या कामाचा अहवाल भागीदारांपुढे ठेवणार. तू नळी खाली ठेवलीस.

"म्हंजे मोसमाचा हिसाब."

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"आनि आपन पाच घेतले, तर आपन त्या मचव्यावरचे खलाशी."

"धाकूपेक्षाही धाकटे," मी हसून म्हटलं.

तू हसला नाहीस. "मंग तर पयला नंबर आपला," म्हणालास.

मी ती थट्टा समजलो. तू कशाची थट्टा करतोस आणि कशाची नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं, असं लोक म्हणतील. पण तुला स्वतःलाच ते नेहमी कळायचं असं नाही.

शेअर घेतलेस आणि त्या दिवसापासून एकच धोशा लावलास. त्या सभेत आपण सोन्याचं विचारायचं. घराघरातून गेलेलं सोनं कशामुळे गेलं, कोणी जाऊ दिलं, ते बँकेच्या मोठ्या माणसाने उभं राहून सांगायचं. मी कपाळाला हात लावला. तुला समजावलं, की तेव्हा ही बँक जन्मालाही आली नव्हती, रुपयाचा भाव सरकारने ठरवला, बँकेच्या गळ्यात तो नुसता बांधलाय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मचवा नव्या नाखव्यानं घेतला तरी मागचा मोसम त्यालाच सांगावा लागतो. न्हाय तर घ्यायचा कशाला?" वाळूवर तशीच रीत आहे, हे मला ठाऊक होतं. पण बँक म्हणजे मचवा नव्हे, हे मी तुला पटवू शकलो नाही. हा वाद तसाच पडून आहे. रोज अंघोळ करताना मला त्यात नवीन मुद्दा सुचतो आणि सांगायला कोणी नाही.

अहवाल आला तो इंग्रजीत. कित्येक संध्याकाळी मी तुला मराठी करून सांगितला. नोटा किती काढल्या, सरकारचं कर्ज कसं उभारलं, बाकीच्या बँकांनी किती ठेवलं. तुला कंटाळा येत नव्हता, ह्याचं मला नवल वाटायचं. फक्त एकदा मला थांबवलंस.

"तिजोरीत सोनं हाय बोल्लास. कोनाचं?"

"देशाचं."

"आनि जे गेलं ते?"

"तेही देशाचंच होतं."

"मंग ते कुठल्या पानावर हाय?"

मी पानं चाळली. जे गेलं ते माझ्या नजरेस कुठल्या पानावर पडलं नाही. मी म्हटलं, असे अहवाल असेच असतात. तू म्हणालास, "पीप गळतंय."

सभा मुंबईला होती. आगबोटीत तू सगळा वेळ उभा होतास, जणू काही तीही तूच हाकत होतास. मी प्रश्न इंग्रजीत लिहून तुझ्याकडून घोकून घेतला होता, उर्दूतही तयार ठेवला होता. मी भागीदार नव्हतो म्हणून मला आत सोडलं नाही. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. पंख्यांखाली गोऱ्या-काळ्या साहेबांची डोकी आणि मधे तुझी लाल टोपी मला दिसत होती. कोणीतरी बोललं. कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारल्याचं मला बाहेर ऐकू आलं. दोन गृहस्थ उठले, इंग्रजीत बोलले, बसले. तुझी टोपी हलली नाही. मी बाकाची कड घट्ट धरून मनात म्हणत होतो, ऊठ, उस्मान, ऊठ. मग हात वर झाले, टाळ्या वाजल्या आणि माणसं चहाला निघाली.

तू बाहेर आला नाहीस. मी आत गेलो तर तू एकटा बसलेला, हात गुडघ्यांवर, नमाजाला बसल्यासारखा ताठ. शिपाई खुर्च्या सरकवत होता.

"ऊठ. संपलं."

"कसं संपलं? मना कोनी विचारलं कुठं?"

"काय विचारलं नाही?"

"कबूल म्हनून. नावानं हाक मारतील, मंग उभा ऱ्हाईन, अशा हिसाबानं बसलो. सगळ्यांत धाकटा मी. पयली हाक माजी."

तेव्हा मला उलगडा झाला. तू खरोखर हाक येण्याची वाट बघत होतास. इतक्या संध्याकाळी प्रश्न घोकला, पण तिथे आपण होऊन उठायचं असतं, ही एवढी साधी गोष्ट माझ्या तोंडून निघाली नव्हती, कारण ती सांगायची असते हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मी तुझ्यावर ओरडलो. शिपाई रत्नागिरीकडचा होता. तो हळूच म्हणाला, "नाखवा, दारं लावायचीत." तू उठलास. जिन्यात मला म्हणालास, "काय हरकत न्हाय. मी हात वर केला न्हाय. मी गप बसलोय. हिसाब उघडाच हाय."

"उस्मान, तिथे गप्प बसणं म्हणजे काहीच नसतं. न आल्यासारखंच."

"तुझ्या कोर्टात," तू म्हणालास.

दोन दिवसांनी वर्तमानपत्र आलं. धक्क्यावर सगळे बसले होते. मी वाचलं, की अहवाल एकमताने मंजूर झाला. तू मला पुन्हा वाचायला लावलंस. "एकमतानं म्हंजे? माजं पन धरलं?" मी हो म्हटलं. तो शब्द गाळून वाचता आला असता, असं तुझा मुलगा युसूफ मला नंतर म्हणाला. मी नसता गाळला. तुझ्याशी मी खूप भांडलो, पण तुला फसवलं नाही, आणि तू गेल्यावर उराशी धरायला माझ्याकडे तेवढं एकच उरलंय. पण तुझा चेहरा, उस्मान. शीड फाटलं, मंदी आली, भाभींचं सोनं गेलं, तेव्हाही तुझा चेहरा असा झाला नव्हता. तू एवढंच म्हणालास, "न विचारता घेतलं." आणि उठून घरी गेलास.

तरी तू वाट बघितलीस. ते मला सगळ्यांत सोसत नाही. आगबोट आली की तू धक्क्यावर. चूक कळली की बँकेचा माणूस येतोच, असं तुझं म्हणणं. पोरंटोरं विचारायला लागली, "नाखवा, बँक उतरली काय?" तू त्यांच्याबरोबर हसायचास. तक्रार लिहून पाठवू म्हटलं तर मला झिडकारलंस. "हिसाब लिवून मागत न्हाईत. समोर उभं राहून मागतात." मग पुढच्या सभेला आपण होऊन उठायचं, हाक नाही आली तरी, असं एकदाचं ठरलं. मी म्हटलं, मराठीतच विचार. कोणाला कळलं नाही तर विचारतील दुसऱ्याला. ओट्यावर उभा राहून तू तो प्रश्न म्हणायचास आणि आत भाभींचा हात थांबायचा. सुपातल्या तांदळाचा आवाज बंद व्हायचा, तो मला ऐकू यायचा.

त्या वर्षीची सभा कलकत्त्याला निघाली. "मचव्यानं जमल?" म्हणून तू मला विचारलंस, आणि आपण दोघंही खूप हसलो. बहुतेक तेच आपलं शेवटचं हसणं. गाडीने जायचं तू ठरवलंही होतंस. पण ताप आला आणि गेलाच नाही. मी म्हटलं, तुझ्या वतीने कोणाला तरी बोलायला लावू, कायद्यात सोय असते. तू अंथरुणावरून मान हलवलीस. "दुसऱ्याच्या तोंडून कबूल देतात ते मेल्याचं. मी हाय अजून."

सभा झाली. मी ते वर्तमानपत्र तुझ्याकडे आणलं नाही आणि तूही मागितलं नाहीस. मग तू गेलास. कबरस्तानातून परत येताना धाकू माझ्याबरोबर चालत होता.

आता परवाचं सांगतो. युसूफ तुझ्या जागी अनवाणी उभा राहिला. पोराने हिशेब चांगला सांगितला, तुला अभिमान वाटला असता. किती फेऱ्या रिकाम्या गेल्या ते सांगितलं, सुकाणू बदललं ते सांगितलं, बाबा गेले तेही सांगितलं. धाकू कबूल म्हणाला. एकेक जण म्हणत गेला. शेवटी युसूफ माझ्याकडे वळला. "वकीलचाचा, बाबांच्या वतीनं. कबूल?"

मी बोलणार होतो. पण त्याची नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या पायांकडे होती. आणि गेल्याच आठवड्यात अलिबागच्या कोर्टात कोणीतरी सहज बोलून गेलं होतं, की तुझ्या मुलाने वारसाचे कागद दुसऱ्याच वकिलाकडून करून घेतले. मी त्यावर विचार करायचं टाळलं होतं. आता वाळूवर उभा राहून मला टाळता येईना. मी गप्प राहिलो.

युसूफने शीड पुन्हा सांगितलं. सुकाणू सांगितलं. पाणी चढत होतं आणि ओढणारे दोराशी बसून राहिले होते. कोणी मला घाई केली नाही. धाकू खाली बघत तंबाखू मळत होता. माडांच्या कडेला अमिनाभाभी आल्या आणि उभ्या राहिल्या. पोराच्या कपाळावर घाम आला होता. मला त्याची दया येत होती, पण मी तोंड उघडलं नाही, कारण उघडायचा हक्क माझा नव्हता, तुझा होता.

"बाबांचे ते पाच शेअर," युसूफ म्हणाला, "मी मुंबईच्या दलालाला विकले. सुकानू त्यातूनच केलं."

भाभींनी पदर तोंडाला लावला. धाकूचा हात मळता मळता थांबला.

पोराने खरं सांगितलं होतं. ते कशासाठी केलं तेही खरं होतं. मचवा नसता तर ह्या माणसांनी खायचं काय? रीतीप्रमाणे आता मला गप्प राहता येत नव्हतं. उस्मान, मी तुझ्या वतीने कबूल म्हणालो. धाकूने दोर धरला, मचवा वर आला, संध्याकाळपर्यंत माडाचे झाप घालून झाकला.

तर तू जिंकलास. माणूस गप्प बसला की खरं बाहेर येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि गप्प बसण्याला काही किंमत नसते हा माझा मुद्दा मी आज मागे घेतो. पण ती किंमत ह्या वाळूपुरती आहे. तिकडे पुढल्या सभेला तुझ्या मताच्या खुर्चीवर कोणीतरी अनोळखी गृहस्थ बसतील, वेळेवर हात वर करतील आणि चहाला जातील. मी दलालाला तार करून शेअर परत मागितले. ते पुढे विकले गेले होते. भाभींचं सोनं कशामुळे गेलं, हे विचारायचा हक्क तुझ्या घरात दोन वर्षं होता. आता तो आपल्या गावात नाही. मी म्हातारा झालो आहे आणि मला पुढचं काही दिसत नाही.

अंधार पडल्यावर सगळे गेले. धाकू आणि मी मचव्याच्या आडोशाला बसून राहिलो. तो म्हणाला, "वकील, मचव्याचं झालं. नाखव्याचं बँकेतलं कबूल आता कोन देनार?"

"कोणी मागितलेलंच नाही, धाकू," मी म्हटलं.

धाकू गप्प राहिला.